बाहेरच्या कर्नल मॉड्यूलमुळे सर्व्हर कोसळतोय का, हे कसं शोधायचं

अँटीव्हायरस किंवा ईडीआर (हल्ले ओळखून रोखणारा) एजंट, बॅकअप सॉफ्टवेअरचा ब्लॉक ट्रॅकर, स्टोरेजचा मल्टिपाथ ड्रायव्हर, जीपीयू ड्रायव्हर, नेटवर्क कार्डाच्या कंपनीने वेगळा दिलेला ड्रायव्हर. हल्ली कुठल्याही सर्व्हरवर यातलं दोन-तीन तरी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मॉड्यूल म्हणून जाऊन बसलेलं असतं. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलमधला कोड चुकला तर सगळं मशीन जातं, कारण तिथे सगळे एकाच मेमरीत वावरतात. चूक एकाची आणि पडणारा दुसराच, असं म्हणूनच वारंवार होतं. क्रॅशच्या लॉगमध्ये नाव दिसलं म्हणून ते मॉड्यूल दोषी ठरत नाही आणि नाव दिसलं नाही म्हणून सुटतही नाही. पुरावा जमवावा लागतो. तो कसा जमवायचा, ते पुढे दिलं आहे. भर लिनक्सवर आहे, विंडोज सर्व्हरसाठी वेगळा भाग आहे.

पॅनिक, हँग की रीसेट?

'सर्व्हर डाउन होता' एवढ्यावरून काही कळत नाही. पॅनिकमध्ये कर्नलने स्वतःच चूक ओळखलेली असते. कन्सोलवर मजकूर येतो आणि डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मिळू शकतो. हँगमध्ये मशीन जिवंत असतं पण काम करत नाही. अनेकदा पिंगला उत्तर येतं, एसएसएच मात्र लागत नाही. रीसेटमध्ये लॉग मध्येच तुटतो आणि पुढची ओळ थेट नव्या बूटची असते.

रीसेट असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी हार्डवेअर तपासून मोकळे व्हा. बीएमसीचा (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचा) इव्हेंट लॉग काढा ('आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट'). त्यात दुरुस्त न होणाऱ्या ईसीसी (मेमरीच्या) चुका, पॉवर सप्लाय, तापमान, वॉचडॉग (अडकलेलं मशीन रीसेट करणारा टायमर) यांच्या नोंदी आहेत का बघा. कर्नल लॉगमध्ये मशीन चेकच्या ओळी आणि विंडोजवर स्टॉप कोड १२४ हीसुद्धा हार्डवेअरचीच खूण. व्हर्च्युअल मशीन असेल तर हायपरव्हायझरचा लॉगही बघा, कारण पाहुण्या मशीनला आपल्याला कोणी बंद केलं ते आतून कळत नाही.

क्लस्टरमध्ये आणखी एक खोच असते. नोड पॅनिक होऊन डंप लिहायला बसतो, तेवढ्यात दुसरा नोड त्याला मेलेला समजून फेन्स करतो, म्हणजे क्लस्टरबाहेर काढून त्याची वीज तोडतो. हाती येतो अर्धवट डंप. 'फेन्स केडंप' एजंट लावला की 'मी डंप लिहितोय, थांब' हा निरोप जातो. हार्डवेअर वॉचडॉगची मुदत कमी असली तरी असाच घोटाळा होतो.

डंपची सोय आधी

डंप नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. पहिल्या क्रॅशचा डंप मिळाला नसेल तर दुसऱ्याचा मिळालाच पाहिजे, एवढं तरी आज करून ठेवा.

१. बूट पॅरामीटरमध्ये 'क्रॅशकर्नल' देऊन राखीव मेमरी ठेवा. क्रॅशनंतर तिथे दुसरं छोटं कर्नल उठतं आणि डंप लिहितं; हीच केडंपची सोय. रेड हॅट ९ मध्ये मशीनच्या रॅमनुसार डीफॉल्ट ठरतो: १ ते ४ जीबीला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. स्टोरेजची कार्डं आणि मार्ग खूप असतील तर एवढी मेमरी पुरत नाही आणि डंप लिहिणारं कर्नल स्वतःच मेमरी संपून पडतं. अशा वेळी आकडा वाढवा.

२. केडंप सेवा चालू करून '/सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड' ही फाइल वाचा. तिथे १ हवा. ० असेल तर सेवा 'ॲक्टिव्ह' दिसत असली तरी उपयोग नाही.

३. संशयित मॉड्यूल केडंपच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळी लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या इमेजमध्ये) गेलेलं नाही ना, हे 'एलएसइनिटआरडी'ने बघा. जे मॉड्यूल मुख्य कर्नल पाडतं तेच डंप घेणाऱ्या कर्नलमध्ये शिरलं, तर डंपही पडतो. ही इमेज बनवणाऱ्या ड्रॅकटच्या 'ओमिट-ड्रायव्हर्स' पर्यायाने त्याला बाहेर ठेवा आणि इमेज पुन्हा बनवा. डंप ज्या डिस्कवर जायचा तिचा ड्रायव्हर मात्र वगळू नका.

४. डंपचा फिल्टर बहुतेक ठिकाणी ३१ असतो. रिकामी पानं, कॅश, युजर प्रोसेसचा डेटा आणि मोकळी मेमरी यातून गळते, त्यामुळे शेकडो जीबी रॅमचा डंप काही जीबीत बसतो. मॉड्यूल शोधायला एवढं पुरतं.

५. 'कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स' १ करा. ऊप्स म्हणजे कर्नलने आपल्याच कोडमध्ये पकडलेली चूक. हा पर्याय ० असेल तर पहिल्या चुकीनंतर कर्नल रखडत चालू राहतं आणि काही तासांनी भलतीकडेच पडतं. मग डंपमध्ये मूळ जागेऐवजी नंतरचा गोंधळ सापडतो.

६. ठरवलेल्या वेळेत मुद्दाम क्रॅश करून बघा: सिसरिक्यू (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) चालू करा आणि '/प्रॉक/सिसरिक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' लिहा. मशीन पडलं पाहिजे, डंप लिहिला गेला पाहिजे आणि ते आपोआप परत वर आलं पाहिजे. ही चाचणी न केलेल्या केडंपवर विसंबू नका. ऐन वेळी दगा देणारे केडंप बहुतेक असेच असतात.

हँगसाठी वेगळी तयारी लागते, कारण अडकलेलं मशीन स्वतःहून पॅनिक होत नाही. 'अननोन_एनएमआय_पॅनिक' चालू ठेवा. मशीन अडकलं की बीएमसीवरून 'आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर डायग' दिलं, की एनएमआय (सीपीयूला थोपवता न येणारा इशारा) जाऊन डंप पडतो. केव्हीएमवर हेच काम 'विर्श इंजेक्ट-एनएमआय' करतं. सवयीने पॉवर बटण दाबणाऱ्याला हे कागदावर लिहून द्या.

कर्नलमध्ये कोण कोण बसलंय

'एलएसमॉड'ची यादी लांबलचक असते आणि कोण बाहेरचं ते ती सांगत नाही. '/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड' वाचा. टेंट म्हणजे कर्नलवर लागलेला डाग. तिथला आकडा म्हणजे बिटांची बेरीज: १ म्हणजे मालकी परवान्याचं मॉड्यूल (पी), २ म्हणजे जबरदस्तीने लोड केलेलं (एफ), १६ म्हणजे मशीन चेक (एम), १२८ म्हणजे आधीच एक ऊप्स होऊन गेलेला (डी), ५१२ म्हणजे वॉर्निंग (डब्ल्यू), ४०९६ म्हणजे मूळ कर्नलबाहेरचं (ओ), ८१९२ म्हणजे सही नसलेलं (ई), १६३८४ म्हणजे सॉफ्ट लॉकअप (एल), ३२७६८ म्हणजे लाइव्ह पॅच (के). आकडा १२२८९ आला तर तो ८१९२, ४०९६ आणि १ यांची बेरीज: मालकीचं, बाहेरचं, सही नसलेलं मॉड्यूल. मॉड्यूल काढून टाकलं तरी हा डाग रीबूट होईपर्यंत जात नाही.

नेमकं कुठलं मॉड्यूल ते '/सिस/मॉड्यूल' खाली प्रत्येकाच्या 'टेंट' फाइलमध्ये असतं. 'मॉडइन्फो'च्या उत्तरात 'इनट्री: वाय' ही ओळ नसेल तर ते बाहेरचं. त्याच उत्तरातून आवृत्ती, सही करणारा आणि 'व्हरमॅजिक' (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलं ते) टिपून ठेवा.

व्हरमॅजिककडे नीट बघा. रेड हॅटच्या घराण्यात जुन्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल नव्या कर्नलखाली 'वीक-अपडेट्स' फोल्डरमधल्या सिमलिंकने चालवलं जातं. विक्रेत्याने फक्त स्थिर यादीतली चिन्हं वापरली असतील तर काही बिघडत नाही. पण एखाद्या अंतर्गत स्ट्रक्चरच्या फील्डचं ऑफसेट त्याने स्वतः गृहीत धरलं असेल, तर नव्या कर्नलमध्ये ते फील्ड ८ बाइट पुढे सरकलं की मॉड्यूल भलतीच जागा वाचतं. कर्नल अपडेटनंतर दोन दिवसांनी सुरू झालेल्या क्रॅशमध्ये ही शक्यता पहिल्यांदा तपासावी.

टेंटमध्ये न दिसणारेही असतात. ईबीपीएफवर (मॉड्यूलशिवाय कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) चालणारे एजंट कुठलाच डाग लावत नाहीत. त्यांची यादी 'बीपीएफटूल प्रॉग लिस्ट'ने काढा. 'ईबीपीएफ आहे म्हणजे सुरक्षित' हे विक्रीचं वाक्य झालं. हे प्रोग्राम आधी तपासणाऱ्या व्हेरिफायरमध्ये किंवा त्यांना पुरवलेल्या हेल्पर फंक्शनमध्ये दोष असला तर तिथूनही कर्नल पडू शकतं. कोण कुठे हुक टाकून (कर्नलच्या फंक्शनच्या वाटेत आपला कोड अडकवून) बसलंय ते डीबगएफएसमधल्या केप्रोब्सच्या यादीत आणि ट्रेसिंगच्या 'एनेबल्ड_फंक्शन्स' फाइलमध्ये दिसतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे हुक एकाच फंक्शनवर दिसले, तर तिथे खूण करून ठेवा.

काय बदललं, कधी

एक कागद घ्या. एका बाजूला क्रॅशच्या वेळा, दुसऱ्या बाजूला बदलांच्या: कर्नल पॅकेज, एजंटची आवृत्ती, फर्मवेअर, बॅकअपचं वेळापत्रक. सगळ्या वेळा यूटीसीत लिहा, नाहीतर दोन लॉग जुळवताना फसायला होतं.

एजंटची आवृत्ती बदलली नाही म्हणजे एजंट बदलला नाही, असं धरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरने जगभरची विंडोज मशीनं पाडली, तेव्हा ड्रायव्हर तोच होता. बदलली होती फक्त त्याला खाऊ घातली जाणारी 'चॅनल फाइल २९१'. नियमाच्या साच्यात २१ फील्ड होते आणि सेन्सरचा कोड २० च पुरवत होता. नव्या फाइलने एकविसावं मागितलं आणि ड्रायव्हर कर्नल मेमरीत हद्दीबाहेर वाचायला गेला. फाइल ०४:०९ यूटीसीला सुटली, ०५:२७ ला मागे घेतली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तेवढ्यात सुमारे ८५ लाख मशीनं बाधित झाली. म्हणून व्याख्या, सिग्नेचर आणि धोरणांच्या अपडेटच्या वेळाही त्या कागदावर हव्यात. त्या सहसा एजंटच्या स्वतःच्या लॉगमध्ये किंवा व्यवस्थापन कन्सोलवर सापडतात.

ऊप्स कसा वाचायचा

डंपसोबत 'व्हीएमकोर-डीमेसेज' नावाची मजकूर फाइल मिळते. तिथूनच सुरुवात करा. पहिला ऊप्स शोधा. टेंटमध्ये 'डी' आधीपासून असेल तर तुम्ही दुसरा वाचताय, वर सरका.

समजा 'एफएसवॉच' नावाचं एक मॉड्यूल फाइल उघडण्यावर लक्ष ठेवतं (नाव उदाहरणापुरतं) आणि लॉग असा आहे:

बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस: ००००००००००००००२८
आरआयपी: एफएसडब्ल्यू_पेरेंट_पाथ+४ई/१२० [एफएसवॉच]
आरएएक्स: ००००००००००००००००
कॉल ट्रेस:
एफएसडब्ल्यू_सिस_ओपनॅट [एफएसवॉच]
डू_सिस्कॉल_६४

आरआयपी म्हणजे चालू सूचनेचा पत्ता, आरएएक्स म्हणजे फंक्शनचं उत्तर ज्यात परत येतं ते रजिस्टर. आकडे हेक्समध्ये आहेत. पत्ता २८ म्हणजे कोणीतरी शून्य पॉइंटरला खरं स्ट्रक्चर समजून त्यातलं ४० व्या बाइटवरचं फील्ड मागितलं. चौकोनी कंसातलं नाव सांगतं की सूचना मॉड्यूलच्या कोडमधली आहे. '+४ई/१२०' म्हणजे २८८ बाइटांच्या फंक्शनमध्ये ७८ व्या बाइटवर. आता 'क्रॅश' टूल उघडा. त्याला डंप आणि त्याच आवृत्तीच्या डीबगइन्फो पॅकेजमधली 'व्हीएमलिनक्स' लागते. आवृत्तीत एका आकड्याचा फरक असला तरी चालत नाही. तिथे 'डिस -आरएल' त्या पत्त्यावर चालवलं की फंक्शनच्या सुरुवातीपासून पडलेल्या जागेपर्यंतचा असेंब्ली कोड येतो. समजा ४९ वर 'गेट_टास्क_एक्सई_फाइल'ला कॉल आहे. हा कॉल ५ बाइटांचा, म्हणून तो संपतो तिथेच ४ई सुरू होतं, आणि ४ई वरची सूचना आरएएक्स अधिक २८ मधून वाचते. परत आलेलं उत्तर शून्य आहे का, हे तपासणारी 'टेस्ट' मध्ये कुठेच नाही. हे कर्नल फंक्शन संपत आलेल्या प्रोसेससाठी शून्य परत देतं, तसं ठरलेलंच आहे. म्हणजे पालक प्रोसेस नेमकी त्या क्षणी मरत असली तरच क्रॅश, एरवी महिनोन्महिने काही नाही. कधीतरीच का पडतं, याचंही उत्तर यातून मिळालं. एवढं हातात असलं की विक्रेत्याशी वाद घालायला काही उरत नाही.

कॉल ट्रेसमध्ये ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह असतं त्या स्टॅकवर पडून राहिलेल्या जुन्या नोंदी असू शकतात. तिथे एखाद्या अँटीव्हायरसचं नाव दिसलं म्हणून त्याला धरू नका. 'मॉड्यूल्स लिंक्ड इन' ही नुसती हजेरी असते. तिच्या शेवटी 'लास्ट अनलोडेड' मात्र जरूर बघा: नुकतंच काढलेलं मॉड्यूल आपला टायमर किंवा कॉलबॅक मागे विसरलं, तर कर्नल नसलेल्या कोडवर उडी मारतं.

चुकीचा पत्ता स्वतःच बरंच सांगतो. ४०९६ पेक्षा लहान असेल तर शून्य पॉइंटर. 'डेड'ने सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपत असेल तर यादीतून आधीच काढलेला घटक कोणीतरी पुन्हा वापरला. ६बी६बी६बी असेल तर मोकळी केलेली मेमरी वापरली आणि ५ए५ए५ए असेल तर न भरलेली. या दोन खुणा स्लबचं (कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या भागाचं) डीबगिंग चालू असतानाच दिसतात. पत्त्याच्या जागी अक्षरांचे कोड दिसले तर मजा येते. रजिस्टरमध्ये ७२७३७५२एफ आलं तर बाइट उलटे लावा: २एफ, ७५, ७३, ७२, म्हणजे '/यूएसआर'. कोणाचा तरी फाइल पाथ आपल्या बफरबाहेर सांडून शेजारच्या पॉइंटरवर गेला. मग शोधायचा तो पाथ हाताळणारा कोड.

'क्रॅश'मधल्या रोजच्या कमांड थोड्याच आहेत. 'सिस' पॅनिकचं कारण आणि कर्नल दाखवते, 'मॉड -टी' डाग लावणारी मॉड्यूलं, 'बीटी' पडलेल्या टास्कचा स्टॅक, 'बीटी -ए' प्रत्येक सीपीयूवरचा. बाहेरच्या मॉड्यूलची नीट नावं दिसायला 'मॉड -एस' देऊन त्याच बिल्डची 'केओ' फाइल जोडा. सर्व्हरवर नंतर अपडेट झालं असेल तर जुनी फाइल पॅकेजमधून काढावी लागते. डंप घेतला त्याच दिवशी ती बाजूला काढून ठेवणं सोपं.

चोर वेगळा, पकडला जातो तिसराच

प्रत्येक क्रॅश वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या फंक्शनमध्ये, आणि स्टॅकवर बाहेरचं कोणीच नाही. डेटाबेस, एसएसएच, क्रॉन असे सगळे आळीपाळीने पडतायत आणि बऱ्याचदा 'केमॅलॉक'च्या (मेमरी मागण्याच्या फंक्शनच्या) आतच. हा नमुना मेमरी करप्शनचा. कर्नल एकाच आकाराचे तुकडे एकाच स्लॅब कॅशमधून वाटतं. ६४ बाइटांच्या कॅशमध्ये एजंटचा बफर आणि फाइल सिस्टिमची नोंद शेजारी-शेजारी असू शकतात. एजंटने ७२ बाइट लिहिले की शेजाऱ्याचे पहिले ८ गेले. पडतो तो शेजारी, तोही बऱ्याच वेळाने.

दोन-तीन डंप घेऊन बिघडलेली वस्तू कुठल्या कॅशमधली आहे ते 'केमेम -एस'ला पत्ता देऊन काढा. प्रत्येक वेळी तीच कॅश आली तर वाट सापडली. मग बूट पॅरामीटर द्या: 'स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-६४'. एफ म्हणजे सातत्य तपासणी, झेड म्हणजे तुकड्याभोवती लाल पट्टा, पी म्हणजे मोकळ्या मेमरीत विषारी खूण, यू म्हणजे तुकडा कोणी घेतला आणि कोणी सोडला याची नोंद. पट्टा ओलांडला की लॉगमध्ये 'रेडझोन ओव्हररिटन' येतं आणि खाली 'अलोकेटेड इन' पुढे तो तुकडा घेणाऱ्या फंक्शनचं नाव, मॉड्यूलसकट. इथे चोर सापडतो. कॅशचं नाव न देता सगळ्यांवर हे लावलं तर मेमरी आणि वेग दोन्हींवर मोठा भार पडतो. उत्पादनातल्या सर्व्हरवर तसं करू नका.

५.१२ पासूनच्या कर्नलमध्ये केफेन्स आहे. तो थोड्याच तुकड्यांवर नमुन्यादाखल पहारा ठेवतो, म्हणून उत्पादनातही परवडतो. बिल्डमध्ये असेल तर नमुन्याचं अंतर १०० मिलिसेकंद ठेवून अनेक सर्व्हरवर चालू करा, एखाद्यावर तरी सापडेल. केसॅन जास्त काटेकोर आहे, पण त्याच्या तपासण्या कंपाइल करतानाच कोडमध्ये घातल्या जातात. विक्रेत्याने तयार दिलेल्या बायनरी मॉड्यूलची थेट लिखाणं त्याला दिसत नाहीत. विक्रेत्याकडून केसॅनसह बांधलेलं मॉड्यूल मागा, बरेच जण अडून बसल्यावर देतात.

अडकलेलं मशीन

सीपीयू एखाद्या लूपमध्ये अडकला तर 'सॉफ्ट लॉकअप - सीपीयू ३ स्टक फॉर २२ एस' अशी ओळ येते. वॉचडॉगची मर्यादा १० सेकंद असते आणि सॉफ्ट लॉकअपचा इशारा तिच्या दुप्पट वेळेनंतर मिळतो. याचा स्टॅक बहुतेक वेळा थेट गुन्हेगाराचाच असतो.

झोपलेल्या प्रोसेसची गोष्ट अवघड. लॉगमध्ये 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' दिसतं आणि एकामागून एक प्रोसेस 'डी' अवस्थेत (न उठवता येणाऱ्या झोपेत; टेंटमधला 'डी' वेगळा) जातात. डंपमध्ये 'फॉरइच यूएन बीटी' देऊन सगळ्यांचे स्टॅक काढा. शेकडो येतील. बहुतेक सगळे एकाच म्युटेक्सच्या (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाच्या) रांगेत असतील, ते बाजूला ठेवा. त्या म्युटेक्सचा पत्ता घेऊन 'स्ट्रक्ट म्युटेक्स' छापा. ४.१० नंतरच्या कर्नलमध्ये 'ओनर'चे खालचे ३ बिट झेंडे असतात. ते शून्य केले की कुलूप धरून बसलेल्या टास्कचा पत्ता मिळतो. आता त्याचा स्टॅक बघा.

सुरक्षा एजंटांमध्ये इथे नेहमीचंच वर्तुळ सापडतं. कर्नलमधला भाग फाइल उघडणं अडवतो आणि आपल्या डीमनला (कर्नलबाहेर चालणाऱ्या सेवेला) विचारतो, 'जाऊ देऊ का?'. डीमनला उत्तर द्यायला स्वतःची लॉग फाइल लिहायची असते. ती लिहायला त्याच अडवलेल्या प्रोसेसने धरलेलं कुलूप हवं असतं. एकच एजंट असेल तर तो स्वतःला वगळायला शिकलेला असतो. दोन कंपन्यांचे एजंट एकत्र आले की एकाचा डीमन दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. एका सर्व्हरवर दोन ऑन-ॲक्सेस स्कॅनर ठेवूच नयेत, या मतावर आम्ही ठाम आहोत.

स्टॅक संपणं हाही असाच साचत जाणारा प्रकार. ६४ बिट इंटेल आणि एएमडीवर प्रत्येक टास्कला १६ केबी कर्नल स्टॅक मिळतो (३.१५ पूर्वी ८ केबी). फिल्टरखाली फिल्टर, त्याखाली फाइल सिस्टिम, डिव्हाइस मॅपर आणि मल्टिपाथ अशी चळत झाली आणि मधल्याने दोन केबीचा बफर स्टॅकवरच घेतला, की मर्यादा गाठली जाते. दोष कोणा एकाचा नसतो, पण सगळ्यात जाड फ्रेम कोणाची ते 'बीटी -एफ'मधून मोजता येतं.

विंडोज सर्व्हर

क्रॅश कंट्रोल सेटिंगमध्ये कर्नल डंप (२) किंवा ऑटोमॅटिक (७) निवडा आणि पेजफाइल पुरेशी ठेवा. मिनीडंपमध्ये मेमरी करप्शनचा माग लागत नाही. इव्हेंट लॉगमध्ये १००१ असेल तर बगचेक (विंडोजचा पॅनिक) झाला. नुसता ४१ आणि ६००८ असेल तर मशीन अचानक गेलं एवढंच कळतं. एनएमआय देऊन डंप घेतला तर स्टॉप कोड ८० येतो. तो बघून हार्डवेअर बदलायला धावू नका.

स्टॉप कोड हेक्समध्ये असतात. डी१ म्हणजे ड्रायव्हरने वरच्या आयआरक्यूएलवर (इंटरप्टच्या प्राधान्याच्या पातळीवर) नको त्या पत्त्याला हात लावला. चौथा पॅरामीटर म्हणजे हात लावणाऱ्या कोडचा पत्ता, त्यावर विनडीबीजी या डीबगरमध्ये 'एलएन' चालवा. ५० म्हणजे अस्तित्वात नसलेली मेमरी वाचली. १९ आणि सी२ म्हणजे पूलची (कर्नल वाटतं त्या मेमरीची) नासधूस, आणि १३९ मध्ये पहिला पॅरामीटर ३ असेल तर यादी बिघडली. या तिन्हींत स्टॅकवरचं नाव बळीचं असू शकतं. ७एफ मध्ये पहिला पॅरामीटर ८ असेल तर डबल फॉल्ट, बहुधा स्टॅक संपल्यामुळे. विंडोजचा ६४ बिट कर्नल स्टॅक २४ केबी असतो. विनडीबीजीत 'केएफ' दिलं की कुठल्या फ्रेमने किती बाइट खाल्ले ते दिसतं. १३३ म्हणजे डीपीसी (इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम) फार वेळ चालला.

विनडीबीजीतलं 'ॲनालाइझ -व्ही' जे इमेज नेम देतं तो अंदाज असतो. मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर वगळून पहिलं बाहेरचं नाव उचलायकडे त्याचा कल असतो. 'एलएमव्हीएम'ने त्या ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती काढा. फाइल सिस्टिम फिल्टर 'एफएलटीएमसी'च्या यादीत उंचीसकट (थरातल्या जागेच्या आकड्यासकट) दिसतात. ३२०००० ते ३२९९९८ हा अँटीव्हायरसचा पट्टा. तिथे दोन नावं दिसली तर 'अडकलेलं मशीन' या भागातला दोन एजंटांचा परिच्छेद पुन्हा वाचा.

करप्शनसाठी ड्रायव्हर व्हेरिफायर आहे आणि तो तयार बायनरीवरही चालतो. फक्त संशयित बाहेरचे ड्रायव्हर निवडून 'व्हेरिफायर /स्टँडर्ड /ड्रायव्हर' द्या. नियम मोडला की स्टॉप कोड सी४ येतो आणि नाव समोर असतं. ड्रायव्हर बूटच्या वेळीच चुकत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा पडत राहील, म्हणून आधी कन्सोल हातात ठेवा. सेफ मोडमध्ये 'व्हेरिफायर /रीसेट' दिलं की सुटका.

काढून बघणं

एजंटची सेवा थांबवणं म्हणजे मॉड्यूल काढणं नव्हे. डीमन गेला तरी हुक जागेवर असतात. 'आरएममॉड'ही नको, कारण हुक काढता-काढताच पडणारी मॉड्यूलं कमी नाहीत. बूटपासूनच येऊ देऊ नका. मॉडप्रोबच्या 'ब्लॅकलिस्ट'ने फक्त आपोआप होणारं लोडिंग थांबतं; एजंटच्या स्क्रिप्टने नाव घेऊन मागितलं की मॉड्यूल येतंच. कर्नलचं 'मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट' पॅरामीटर 'इनस्मॉड'लाही अडवतं. सेवा बंद करा, रीबूट करा आणि मॉड्यूल खरंच नाही ना ते बघा. सुरक्षा एजंट असेल तर तेवढ्या काळासाठी नेटवर्कवर आड घालायची मंजुरी आधी घ्या.

किती दिवस थांबायचं हे आधीच ठरवा. क्रॅश सरासरी आठवड्याला एक येत असेल आणि योगायोगानेच येत असेल, तर काहीही न बदलता एक आठवडा शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. तीन आठवडे शांत जाण्याची सुमारे ५ टक्के. म्हणजे सरासरी अंतराच्या तिप्पट काळ तरी हवा. सारखे सर्व्हर अनेक असतील तर अर्ध्यांवरून काढा आणि अर्ध्यांवर ठेवा. निकाल लवकर लागतो. त्यानंतर मॉड्यूल परत घातल्यावर क्रॅश परत आला, तरच सिद्ध झालं म्हणा. एकाच वेळी कर्नलही बदललं असेल तर चाचणी वाया गेली.

विक्रेत्याला काय पाठवायचं

ऑपरेटिंग सिस्टिमवाला म्हणेल, आधी मॉड्यूल काढा. मॉड्यूलवाला म्हणेल, दोष कर्नलमध्ये आहे. दोघांकडे एकाच दिवशी तिकीट काढा आणि एकाचा क्रमांक दुसऱ्याला द्या. सोबत पूर्ण डंप, डीमेसेज फाइल, त्याच बिल्डची मॉड्यूल फाइल, एजंटचं निदान पॅकेट, आशय-अपडेटच्या वेळा आणि तुमचं असेंब्लीपर्यंतचं विश्लेषण अर्ध्या पानात. डंपमध्ये कर्नलमधल्या किल्ल्या आणि नेटवर्क बफर असतात, युजर डेटा गाळला तरीही. म्हणून एन्क्रिप्ट करूनच पाठवा. प्रश्न नेमका विचारा: हा दोष माहीत आहे का, कुठल्या आवृत्तीत सुटला, आणि नसेल तर डीबग बिल्ड कधी मिळेल.

तोपर्यंत चार पर्याय असतात: आधीची आवृत्ती, दोषी सुविधा तेवढी बंद करणं, एजंटचा कर्नलबाहेर चालणारा प्रकार, किंवा कर्नल जुन्या आवृत्तीवर रोखून धरणं. शेवटचा पर्याय सुरक्षा पॅच अडवतो, म्हणून त्याला संपण्याची तारीख लावा. दुरुस्त आवृत्ती आली की आधी थोड्या सर्व्हरवर घाला, वर ठरवलेली तिप्पट मुदत जाऊ द्या, मग बाकीच्यांवर. सगळीकडे पोचल्यावर स्लब डीबगचं पॅरामीटर, मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट आणि व्हेरिफायर काढा, नेटवर्कची आड उठवा, जुने डंप पुसा. केडंप मात्र चालूच राहू द्या आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर सिसरिक्यूची चाचणी पुन्हा घ्या.